दीड मिनिटात 'बार्सिलोना' उरकणाऱ्या जाणकारांस

आमच्या भागातले एकमेव मान्यताप्राप्त ऑपेरामार्तंड यांच्या सेवेशी,



परवाच्या श्रवणसभेत आपण फ्रेडी मर्क्युरी आणि मोन्सेरात काबाये यांचं 'बार्सिलोना' लावलंत, त्याबद्दल आभार. दीड मिनिटात ते बंद केलंत, त्याबद्दल हे पत्र.

सभा उशिरा सुरू झाली, चहा गार होता, आणि आपल्या स्नेह्यांसाठी राखलेल्या पहिल्या दोन रांगा शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या. ते चालायचंच. 'आपला पाचगणीचा मुलगा' हे आपलं प्रास्ताविक मात्र चांगलंच रंगलं. फारोख बलसारा हे मूळ नाव, सेंट पीटर्स शाळा, तिथला पियानो, पोरांनी मिळून काढलेला 'द हेक्टिक्स' हा बँड. पाचगणीच्या हवेचा गळ्यावर होणारा परिणामही आपण जाता जाता सांगितलात. मुलगा आपला, शाळा आपली, हवा आपली. फक्त त्याचं गाणं तेवढं आपलं नाही!

गाणं लागलं. तो इंग्रजीत ओळ टाकतोय, ती स्पॅनिशमध्ये अलगद झेलतेय. माझ्या शेजारच्या काकूंनी पिशवीत चाललेली किल्ल्यांची खुडबूड थांबवून मान वर केली. नेमका तेव्हाच आपला अंगठा रिमोटवर पडला. "एवढं पुरे. हा स्टेडियमचा माल झाला. शिवाय बार्सिलोनाच्या कार्यक्रमात हा पठ्ठ्या नुसते ओठ हलवत होता. आता खरा ऑपेरा ऐकू या." पान मांडायचं, भात वाढायचा आणि वरण यायच्या आत पान उचलायचं, असा हा पाहुणचार.

आणि खरा ऑपेरा म्हणून आपण काय लावलंत? पावारोत्तीचं 'नेस्सुन दोर्मा'!

महाराज, स्टेडियमचा माल म्हणजे काय, हे या गाण्याहून जास्त कुणाला ठाऊक असणार? पुच्चिनीच्या 'तुरांदोत' या ऑपेरातली ही आरिया 1990 साली बीबीसीने फुटबॉलच्या विश्वचषकासाठी शीर्षकगीत म्हणून घेतली आणि ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती दुसऱ्या क्रमांकावर गेली. 'बार्सिलोना' 1987 साली तिथे आठव्या क्रमांकापर्यंत पोचलं होतं. 1992च्या ऑलिम्पिकला बीबीसीने तेही शीर्षकगीत केलं आणि तेही दुसऱ्याच क्रमांकावर गेलं. वाहिनी तीच, निमित्त खेळाचंच, क्रमांकही तोच. एकाला आपण डोळे मिटून, उजवा हात हवेत हलवत दाद देता. दुसऱ्याला दीड मिनिट.

आता ओठ हलवण्याबद्दल. बार्सिलोनाच्या त्या कार्यक्रमात, 8 ऑक्टोबर 1988 रोजी, स्पेनच्या राजाराणीसमोर, फ्रेडी आणि काबाये दोघंही आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर उभे होते, हे खरं. आता 10 फेब्रुवारी 2006चं तुरिन घ्या. हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन, कडाक्याची थंडी, पावारोत्तीच्या आयुष्यातला शेवटचा मोठा जाहीर कार्यक्रम, आणि गाणं आपलं हेच, 'नेस्सुन दोर्मा'. तेही आधी मुद्रित केलेलं होतं. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं काम केलेल्या लेओने माजिएराने पुढे ते लिहून ठेवलंय.

दोघंही आजारी होते हो! एक एचआयव्हीने पोखरला जात होता, दुसऱ्याच्या पोटातला कर्करोग अजून कुणाला कळलाही नव्हता. फ्रेडी पुढे तीन वर्षांत गेला, पावारोत्ती दीड वर्षात. पावारोत्तीच्या हलणाऱ्या ओठांना तुम्ही दाद देता आणि फ्रेडीच्या ओठांना फसवणूक म्हणता? एवढं वाचलेल्या माणसाने असं बोलावं? पंचवीस माणसांपुढे, माईकवरून?

काबायेबाईंची तरी काही शरम? 1965 साली कार्नेगी हॉलमध्ये ऐन वेळी दुसऱ्या गायिकेच्या जागी 'लुक्रेत्सिया बोर्जिया' गाऊन रातोरात जगभर नाव झालेली ही बाई. तिचा हलका, श्वासाच्या टोकावर तोललेला सूर ऐकायला लोक प्रवास करून जात. फ्रेडीसुद्धा 1983 साली तुमच्याच पावारोत्तीला ऐकायला रॉयल ऑपेरा हाऊसला गेला आणि बाहेर पडला तो काबायेचा सूर कानात घेऊन. तिला या गाण्याचा विटाळ वाटला नाही. 1999 साली काम्प नोऊच्या मैदानात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याआधी ती हेच गाणं गायली. पडद्यावर मुद्रित फ्रेडी, समोर ती. आमच्याकडे भास्करबुवा बखल्यांनी 1916 साली 'स्वयंवर' नाटकाला चाली दिल्या, तेव्हा त्यांचा ख्याल काही बाटला नव्हता.

'बार्सिलोना'मधला माईक मोरनच्या कीबोर्डांचा थाट जरा जास्तच चकचकीत आहे, हे मलाही मान्य. सगळं 1987चं आहे, लपत नाही.

राग सोडून एक सांगतो. तुमचं दुखणं मला कळतं. पाश्चात्य संगीत ऐकतो म्हणून तुम्हाला वाड्यात "किंचाळणारी बाई बंद कर" असं ऐकावं लागलं, हे तुम्हीच एकदा सांगितलंत. दार लोटून, आवाज बारीक करून तुम्ही व्हेर्दीचा ऑपेरा ऐकलात. आजही स्वतःच्या पैशाने हॉल घेता, ॲम्प्लिफायर रिक्षात मांडीवर घेऊन येता, रात्री जागून टिपणं काढता. इतकं सोसून मिळवलेली वस्तू कुणी सहज गुणगुणू लागलं, की पोटात तुटत असणार. पण परवा त्या काकूंच्या बाबतीत "किंचाळणारी बाई बंद कर" म्हणणारे तुम्हीच होतात.

त्या काकू जिन्यात मला विचारत होत्या, "ती बाई कोण हो, पुढे काय गायली असती?" मी नाव लिहून दिलं. पण तुमच्याकडे स्पीकर चांगले आहेत.

तेव्हा पुढच्या सभेत मूळ 1987चं मुद्रण लावा, साडेपाच मिनिटं पूर्ण. रिमोट काकूंकडे द्या आणि प्रास्ताविकात पाचगणी नको.

आपला,
मागच्या रांगेतला एक श्रोता