तिसऱ्या मजल्यावरचं अस्वल

सोफ्यावरून उड्या मारणं, भिंतीला पाय लावून उलटं होणं, गोधडीत स्वतःला गुंडाळून लोळणं, पोटावर सरपटत पलंगाखालून जाणं, याला आमच्या घरात चार वर्षं 'मस्ती' म्हणत. दिवसातून पन्नासदा 'पुरे आता!' असं ओरडूनही ती थांबत नसे. मग एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी जवळजवळ हीच यादी कागदावर लिहून दिली, वर 'होम प्रोग्रॅम' असं शीर्षक घातलं, खाली 'रोज, न चुकता' अशी ओळ टाकली, आणि त्याच संध्याकाळपासून चिरंजीवांनी मस्ती सोडली.

मॅडमकडे जायचं निमित्त शाळेचं. पोरगं खुर्चीवर बसत नाही, सांडतं, असं टीचरचं म्हणणं. शिवाय पेन्सिल धरली की दोन रेघांत हात दुखतो. आम्ही बोटांचे व्यायाम मिळतील अशा समजुतीने गेलो. मॅडमनी बोटांकडे पाहिलंसुद्धा नाही. बोटं नीट चालायला मनगट स्थिर हवं, मनगटाला खांद्याचा आधार हवा आणि खांद्याला पाठीपोटाचा. तेव्हा सुरुवात तिथून, असं त्या म्हणाल्या. थोडक्यात, 'अ' गिरवायचा असेल तर आधी अस्वल व्हायला हवं.

"तो रांगलाच नव्हता ना!" आई घरी आल्याआल्या म्हणाली. सुनेकडे बघून म्हणाली, हे सांगायला नकोच. चिरंजीव रांगले नव्हते हे खरं. बसल्या बसल्या सरकत त्यांनी घरची फरशी पुसली आणि एक दिवस थेट उभे राहिले. पण जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या बाळांची जी पाहणी केली, तिच्यात शेकडा चार बाळं हातगुडघ्यांवर रांगलीच नव्हती आणि तरीही व्यवस्थित चालू लागली होती. हे मी आईला सांगितलं. "त्या बाळांच्या आज्यांना विचारलं का?" असं ती म्हणाली. पाहणीत ही उणीव राहिली असावी.

आता प्रोग्रॅमविषयी. अस्वल म्हणजे हातपायांवर चालायचं. बेडूक म्हणजे उकिडवं बसून उड्या मारायच्या. खेकडा म्हणजे पोट छताकडे करून हातपायांवर मागे मागे जायचं. ढकलगाडीत मुलाने हातांवर चालायचं आणि बापाने मागून त्याचे पाय धरायचे. कागदावरच्या चित्रातला बाप हसतो आहे. त्या चित्रकाराने कधी ढकलगाडी केलेली नाही. आमची गाडी चपलांच्या स्टँडपाशी मुंगी दिसली म्हणून थांबते, मुंगी कुठे जाते ते कळेपर्यंत हलत नाही, आणि तोवर मी दोन पाय हातात घेऊन कमरेत वाकलेला असतो.

गोधडीत गुंडाळून हलकं दाबायचा एक प्रकार आहे. त्याला आमच्याकडे सुरळीची वडी म्हणतात. स्नायू आणि सांध्यांतून मेंदूला आपलं अंग कुठे आहे, किती जोर लागतो आहे, याची खबर जात असते, आणि दाबाने ती खबर ठळक होते, असं मॅडमनी समजावलं. जीन आयर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टने १९७२ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि पुढची सगळी गोधडी-झोका मंडळी त्यातून निघाली. गोल फिरण्याचं खातं वेगळं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांत द्रव. आपण थांबलो तरी तो थोडा वेळ फिरत राहतो, म्हणून भोवळ. फुगडी संपली की चिरंजीव दुसऱ्या फुगडीला तयार असतात आणि मी भिंत शोधत असतो. (मोबाइलवर काही लोक अशा गिरक्यांनी मूल हुशार होतं, लवकर वाचायला लागतं, वगैरे सांगतात. ते विकायला काहीतरी घेऊन बसलेले असतात, एवढं मी पाहून ठेवलं आहे.)

आईने मात्र या शास्त्रातून स्वतःपुरता अर्थ बरोबर काढला. 'जड कामं द्या' हे कागदावर वाचल्यापासून कांद्याबटाट्यांची पिशवी ओढणं, कणीक तिंबणं, ओली फडकी पिळणं ही कामं नातवाकडे गेली. तो ती आनंदाने करतो, कारण आजी त्यांना व्यायाम म्हणत नाही. मी सायंकाळी सहा वाजता "चला, अस्वल!" असं म्हटलं की मात्र तो डोळे मिटून घेतो.

"अस्वल झोपलंय."

"का?"

"थंडी आहे. अस्वलं थंडीत झोपतात. पुस्तकात आहे."

पुस्तक परदेशी होतं. बर्फ, गुहा, घोरणारं तपकिरी अस्वल. मी त्याला सांगितलं की आपल्याकडची अस्वलं थंडीत झोपत नाहीत. त्यांना वाळवी आवडते, ती बारा महिने मिळते, मग झोपतील कशाला? वारूळ उकरायचं, तोंडाची नळी करायची आणि फुर्रकन वाळवी ओढायची. तो आवाज जंगलात लांबवर ऐकू जातो. मला वाटलं, विषय संपला. चिरंजीवांनी एक डोळा उघडला.

"मग वाळवी दे."

तेव्हापासून आमच्याकडे चुरमुरे लागतात. हॉलभर बशा मांडायच्या, प्रत्येकीत चिमूटभर वाळवी. गुडघे न टेकता, कंबर वर ठेवून अस्वल बशीपाशी येतं, फुर्र करतं, पुढच्या बशीकडे जातं. प्रोग्रॅममध्ये दोन फेऱ्या लिहिल्या होत्या. अस्वल पिशवी संपेपर्यंत फिरतं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून १८० मिनिटं हालचाल करावी, त्यातली ६० मध्यम ते जोमाची, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये म्हटलं आहे. हा आकडा वाचून मला पूर्वी धाप लागली होती. आता वाटतं, त्यांनी चुरमुऱ्यांचा हिशेबही द्यायला हवा होता.

बायकोचं म्हणणं, हे लाच देऊन व्यायाम करून घेणं आहे. मी म्हटलं, लाच बापाने दिली असती. इथे अस्वल स्वतः शोधून खातंय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ऑफिसचा फोन घेतला.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात खालचे काका. निवृत्त गृहस्थ, दुपारची झोप हा त्यांच्या दिवसाचा कणा. आवाजात शक्य तितका सभ्यपणा आणून त्यांनी विचारलं, "वर काय चालतं हो नेमकं?"

"अस्वल," मी म्हटलं.

ते काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. आतून फुर्र आलं, बशी सरकली, पाठोपाठ अस्वल स्वयंपाकघराकडे गेलं. मी बेडूक आणि खेकडाही समजावून सांगितला. काका जरा वेळ तसेच उभे राहिले, मग मान हलवून जिना उतरले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचा निरोप आला: "तिसऱ्या मजल्यावरील सभासदांस नम्र विनंती, की अस्वल दुपारी दोन ते चार बंद ठेवावे. बेडूक शक्यतो गादीवर घ्यावा. खेकड्याबद्दल तक्रार नाही."