‘इ.’ म्हणजे दात

मुकुटबनच्या जमिनीत कोळसा आहे, चुनखडी आहे, वर सिमेंटचा कारखाना आहे. उरलासुरला चुना खर्ऱ्यात जातो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालायचा, घास घास घासायचा आणि गालात कोंबायचा. आमच्या काकाजींनी हा जोडधंदा नोकरीपेक्षा इमानदारीनं केला. नोकरीतून ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. दाढांनी त्याआधीच राजीनामे दिले होते.

हिरडीचं दुखणं मोठं कपटी. ठणकत नाही, बोंबलत नाही. दात घासताना थोडं रक्त, दाताच्या मुळाशी किटण, मग हिरडी हळूहळू खाली सरकते आणि आतलं हाड झिजतं. त्यात रक्तातली साखर वाढलेली असली की दोघींची युती : साखर हिरडी बिघडवते, हिरडी साखर आटोक्यात येऊ देत नाही. काकाजी मात्र हलता दात जिभेनं झुलवत म्हणतात, “दुखत तं नाही, मंग कायले डाक्टरचं घर भरू?”

बरं, भरायचं म्हटलं तरी कशातून? ईपीएस या कर्मचारी पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १००० रुपये. सत्तरी ओलांडली की आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाचं. दात हलतो म्हणून खाट कोण देणार?

सरकारला दात आठवलेच नाहीत असं नाही हं. केंद्राच्या २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्या रांगेत चक्क कवळी आहे. मग २०२४ला राज्यानं आपली मुख्यमंत्री वयोश्री आणली. पासष्टीपुढच्यांना एकदाच ३००० रुपये. यादी बघा : चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, लंबर बेल्ट, सर्व्हायकल कॉलर इ. मान आहे, कंबर आहे, गुडघा आहे. तोंड तेवढं त्या ‘इ.’मध्ये. म्हाताऱ्यानं उठावं, बसावं, चालावं. चावायचं काय ते ‘इ.’ बघून घेईल.

आणि कवळी मिळाली तरी ती बसणार हिरडीवरच. हिरडी आणखी आटली की कवळी तोंडात खडखड वाजते, मग लग्नाच्या पंगतीपुरती डबीतून बाहेर निघते.

काकाजींनी यादी दोनदा वाचली आणि लंबर बेल्ट घेतला. आता ताठ बसून दुधात भाकर कुस्करतात.