दगाबाज हत्यार कसे निवडावे

छोटा धंदा कसा वाढवावा यावर पुस्तकांचा ढीग आहे. तो शिस्तीत कसा बुडवावा यावर मात्र कुणी मनावर घेऊन लिहीत नाही. लोकांना वाटते, त्यासाठी जुगार, भाऊबंदकी किंवा निवडणूक लागते. एवढ्या खर्चात पडायचे कारण नाही. धंद्याच्या ऐन मध्यावर एकच बिनभरवशाचे हत्यार बसवावे, मग ती रापी असो, काटा असो की दहा एचपीची मोटर. निवड मात्र विचारपूर्वक करावी. साफ बंद पडलेले यंत्र या कामी कुचकामी, कारण ते माणूस शिव्या घालून भंगारात देतो आणि दुसरे आणतो. आपल्याला हवे ते दहातले नऊ दिवस चालणारे. नऊ दिवस ते जीव लावते, दहाव्या दिवशी मान टाकते, आणि तो दहावा दिवस नेमका माल द्यायचा असतो. कोल्हापूरकरांना ही विद्या परकी नाही. गूळ, चप्पल, चांदी, ओतकाम, मसाला, मिसळ असे नाना धंदे इथे शेजारी शेजारी नांदतात आणि त्या सर्वांना पुरून उरेल असे एकच तत्त्वज्ञान आपल्याकडे आहे : चालतंय की. पट्टा घसरतोय? चालतंय की. बेअरिंग किरकिरतंय? चालतंय की. मोटरीला हात लावला की झिणझिण्या येतात? चप्पल घालून लाव, चालतंय की.

प्रात्यक्षिकासाठी गुऱ्हाळासारखी जागा नाही. कोल्हापूरच्या गुळाचा लौकिक जुना. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची बाजारपेठ मिळाली, पुढे २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन कागदावर असते आणि गूळ काहिलीत असतो, आणि काहील कुणासाठी थांबत नाही. ऊस तोडला की त्यातला गोडवा उतरू लागतो. रस काढला की घड्याळ आणखी जोरात पळते. काही तासांत रस आंबायला लागतो, आणि आंबलेल्या रसाचा गूळ घट्ट बसत नाही, चिकट राहतो, काळा पडतो. एक आधण उतरायला अडीच-तीन तास लागतात. भेंडीचे पाणी घालून मळी वर आणायची, ती काढत राहायची, आणि पाक ११८ अंशांच्या आसपास आला की गुळव्या त्यातला थेंबभर गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि ‘उतरवा’ म्हणतो. त्याच्या हाताशी थर्मामीटर नसतो, आणि बहुधा लागतही नाही. पण ‘उतरवा’ म्हटल्यावर काहील उतरलीच पाहिजे. दोन-चार मिनिटे इकडची तिकडे झाली तर पाक करपतो.

आता या साखळीत आपले आवडते हत्यार बसवून पाहा. चरकाचा पट्टा घ्यायला गेल्यावर दुकानदाराने दोन दाखवले, त्यातला स्वस्त उचलला. सकाळी अकराला तो तुटला. थांबले काय? नुसता चरक नाही. उसाची गाडी थांबली, रोजंदारीवरची माणसे थांबली, अर्धी भरलेली काहील थांबली. आणि एक गोष्ट थांबली नाही, ती म्हणजे चुलवाण. चिपाडांचा जाळ गॅसच्या शेगडीसारखा बटण फिरवून बंद होत नाही. पट्टा आणायला मोटरसायकल गावात गेली, तीन तासांनी चरक फिरला, आणि त्या आधणाचा गूळ इतर रव्यांबरोबर सौद्याला गेला. तिथे व्यापाऱ्याने बोटाने टोकरले, रंग पाहिला आणि भाव पाडला. संध्याकाळी वहीत एकच नोंद झाली : पट्टा, एक नग. या शास्त्राचे सगळे मर्म त्या नोंदीत आहे. हत्याराची किंमत वहीत दिसते. त्याच्या दग्याची किंमत गुळाच्या भावात, माणसांच्या फुकट गेलेल्या हजेरीत आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गुऱ्हाळाकडे वळलेल्या उसाच्या गाडीत विरघळून जाते. तिला रकानाच नाही. म्हणून आमच्या शिष्याने पहिला नियम पाठ करावा : हत्याराची तुलना नेहमी शेजारच्या हत्याराशी करावी, त्याच्या खाली येणाऱ्या मालाशी कधीही करू नये. (पट्ट्याऐवजी काहील उचलायच्या साखळीत काटकसर करणारेही निघतात. उकळता पाक अंगावर आला तर काय होते ते इथे विनोदाने लिहिता येत नाही, म्हणून तेवढे प्रकरण या मार्गदर्शनातून वगळले आहे.)

चपलेच्या धंद्यात हाच नियम बोटभर पात्यावर तपासता येतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. त्यात आठवडेच्या आठवडे जातात. त्या चामड्यावर शेवटी चालते ती रापी. चांगल्या पोलादाची रापी दगडावर घासली की धार धरते, आणि जुना कारागीर ती सहसा दुसऱ्याच्या हातात देत नाही. आमची शिफारस अर्थातच दुसऱ्या रापीची, जी सकाळी कापते आणि दुपारी चामडे ओढू लागते. ओढले की कड पिंजते, कड पिंजली की माणूस जोर लावतो, जोर लावला की हात घसरतो आणि नऊ नंबरचा तळ आठ नंबरचा होतो. शिवाय हा धंदा जोडीचा. डावा पाय बिघडला की उजवा कितीही देखणा असला तरी घरी बसतो. या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांचे मिळून भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये तिच्यासारख्याच चपला अवतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला! वेणी, कान, अंगठा, पट्टा सगळ्यांवर चर्चा झाली. रापीची चौकशी कुणी केल्याचे ऐकिवात नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. छोट्या माणसाकडे भांडवलच नसते. तो स्वस्त घेतो ते मूर्ख म्हणून नव्हे, खिसा तेवढाच म्हणून. खरे आहे. पण मग हिशेब उलटा लागतो. मोठ्या कारखान्यात एक मोटर जळाली तर दुसरी चालते, तिसरी राखीव असते. ज्याच्याकडे एकच मोटर आहे त्याचा धंदा म्हणजेच ती मोटर. दगा पचवायची ताकद ज्याच्यात सर्वांत कमी, त्यानेच सर्वांत दगाबाज वस्तू घ्यायची, हा गरिबीचा नाइलाज म्हणता येईल, काटकसर म्हणता येणार नाही. त्यावर उपाय सगळेच महागडे घेणे हा नसून, ज्या एका वस्तूवाचून बाकी सगळे हात बांधून उभे राहते, तेवढी चांगली घेणे हा आहे. मिसळीच्या दुकानात ती शेगडी असते, कांडपाच्या गिरणीत मोटर, गुजरीतल्या सराफाकडे काटा. खुर्च्या डुगडुगल्या तर गिऱ्हाईक सांभाळून बसते. काटा डुगडुगला तर मात्र दोष यंत्राचा आणि बदनामी मालकाची. काट्याची दरवर्षी पडताळणी करून घ्यायचा कायदा काही हौसेखातर केलेला नाही. हा उपाय आमच्या शिष्याने अर्थात टाळायचा आहे. त्याने मोटर जुन्या बाजारातून आणावी आणि वाचलेल्या पैशांत उद्घाटनाचा फ्लेक्स लावावा. फ्लेक्सवर पंचवीस शुभेच्छुकांचे फोटो असतील याची काळजी घ्यावी. मोटर जळेल त्या दिवशी त्यातला निदान एक तरी फोन उचलेल.

दुसरा आक्षेप अभिमानाचा असतो. आम्ही जुगाड करणारी माणसे, आम्हाला कशाला हवे भरवशाचे हत्यार? बाबूराव पेंटरांनी तर सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला! हे उदाहरण देणाऱ्याने ते नीट पाहिलेले नसते. आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून बाबूरावांनी तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. विदेशी कॅमेरा आवाक्यात नव्हता हे खरे, पण त्यांनी केले ते ‘चालतंय की’च्या नेमके उलट होते. त्या काळी हँडल फिरवून चित्र घेत. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला सोळा चौकटी, आणि प्रत्येक चौकट भिंगासमोर त्याच जागी येऊन क्षणभर स्थिर उभी राहायला हवी. केसभर फरक पडला तर पडद्यावर राजवाड्यासकट सगळी माणसे थरथरतात. फिल्म परदेशातून यायची, एकदा उजेड लागला की परत वापरता यायची नाही. जुगाडात यंत्र कसेबसे एकदा चालले की टाळ्या पडतात. इथे ते प्रत्येक सेकंदाला सोळा वेळा चालायचे होते. म्हणून वर्षे गेली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तारेने बांधलेल्या सायलेन्सरचा स्तंभ कोल्हापुरात अजून कुणी उभारलेला नाही, जरी उमेदवार पुष्कळ आहेत.

एवढे वाचून कुणाला वाटेल की महागडे, परदेशी, चकचकीत घ्यावे म्हणजे झाले. अशा वाचकाचे आम्ही स्वागत करतो. तो आमच्याच वाटेवर आहे, फक्त वातानुकूलित डब्यातून. भरवसा किमतीत नसतो, तो दुरुस्तीच्या अंतरात असतो. ज्या यंत्राचा सुटा भाग मागवायला तीन आठवडे लागतात ते वर्षातून एकदाच बिघडले तरी हंगाम घेऊन जाते. शिवाजी उद्यमनगरची खरी श्रीमंती इथे आहे. ऑइल इंजिनांच्या जोरावर वाढलेल्या त्या वस्तीत लेथवाला, वाइंडर, वेल्डर आणि बेअरिंगचे दुकान हाकेच्या अंतरावर सापडतात. पुराच्या पाण्यात भिजलेली साधी मोटर उघडता येते, वाळवता येते, वाइंडिंग करून पुन्हा बसवता येते; सीलबंद डब्यातले इलेक्ट्रॉनिक कार्ड भिजले की फक्त बदलता येते, तेही कंपनीला सवड झाल्यावर. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या गावाला हे समजावून सांगावे लागू नये. तेव्हा ज्यांना स्वस्तात बुडणे कमीपणाचे वाटते त्यांनी असे यंत्र निवडावे, ज्याचा मेकॅनिक पुण्याहून येतो, येताना हॉटेलचे बुकिंग मागतो आणि आल्यावर ‘सॉफ्टवेअर अपडेट करावे लागेल’ म्हणतो.

राहता राहिली निगा. तिच्याशिवाय चांगले हत्यारही महिन्याभरात आमच्या वर्गात दाखल होते, म्हणून या बाबतीत हयगय पुरेपूर करावी. ग्रीसचा डबा आणावा, पण झाकण उघडू नये. आवाज बदलला तर रेडिओ मोठा करावा. पट्टा सैल पडला की कोण जबाबदार यावर चर्चा ठेवावी. आणि वर्षातून एकदा, खंडेनवमीला, हत्यारांवर मनापासून प्रेम करावे. यंत्र पाण्याने स्वच्छ धुवावे, विशेषतः जिथे पाणी जाऊ नये तिथे. स्टार्टरला हळद-कुंकू वाहावे. थोडे आत गेले तरी हरकत नाही. झेंडूचा जाड हार मोटरीच्या पंख्याच्या जाळीवर नीट बसेल असा घालावा, नारळ फोडावा, पेढे वाटावेत. दुसऱ्या दिवशी दसरा, तेव्हा यंत्राला सुट्टी. तिसऱ्या दिवशी बटण दाबले की हार आत ओढला जातो, मोटर थोडी गुरगुरते आणि एक वास सुटतो. तो झेंडूचा की वाइंडिंगचा, हे कळायला चार-पाच मिनिटे जातात. तेवढ्यात शेजारच्या दुकानात राहिलेले सोने वाटून यावे.