क्लचप्लेट गेली म्हणे!

"वहिनी, ऐकलंत का? अण्णांची पिकअप काल टेंभीपाड्याच्या चढावर अडली. मागे रिक्षांचा नुसता कालवा, आणि गिअर काही पडेना. रिव्हर्सला तर खर्रर्र!"

"अगंबाई! क्लचप्लेट गेली असेल."

"मेकॅनिकही तेच म्हणाला, खाली न वाकता! गिअरबॉक्स उतरवायचा म्हणे. म्हणजे वाशीच्या भाजीची खेप बोंबलली. आमचे हे तिथेच उभे. सगळी नोकरी बेस्टच्या डेपोत गेली, राहवतंय कुठलं! म्हणाले, प्लेट झिजली की इंजिन रेस होतं आणि गाडी ओढत नाही. इथे पेडलच खाली जाऊन बसतंय. चारदा पंप केलं की गिअर पडतो, म्हणजे तेल गळतंय नाहीतर लाइनीत हवा शिरलीय."

"तरीच अण्णा रोज सकाळी बॉनेट उघडून काहीतरी ओतायचे!"

"ब्रेक ऑईल हो. क्लचलाही तेच लागतं. नशीब, इंजिन ऑईल नाही ओतलं. आतली रबरं फुगून बसली असती. पण रोज ओतताय, तर ते जातंय कुठे, हे बघायला नको?"

"या पावसात खाली सगळं ओलंच. कळणार कसं?"

"ह्यांनी आधी पायातलं मॅट उचललं. पेडलचा दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो, तिथे बोट फिरवलं. कोरडं. मग गाडीखाली पुठ्ठा सरकवून स्वतःच आडवे! गिअरबॉक्सच्या बाजूला स्लेव्ह सिलिंडर, त्याचं रबरी टोपण स्क्रूड्रायव्हरने जरासं उचललं, तर टपाटपा तेल. बोटाला बुळबुळीत. आणि खालच्या पत्र्याचा रंग फुगून सोललेला. पाण्याने असा सोलतो होय?"

"मग गिअरबॉक्स?"

"जागचा हलला नाही. काही गाड्यांत तो सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच असतो, तिथे उतरवण्यावाचून सुटका नाही. अण्णांच्या गाडीचा बाहेर होता. नुसतं रबर किट टाकणार होते, पण आत गंजाचे खड्डे. नवं रबरही खाल्लं असतं. अख्खा सिलिंडरच बदलला. मग अण्णांचा पोरगा पेडलवर आणि हे खाली. 'दाब, धर, सोडू नको!' अंधार पडेपर्यंत एअर काढत होते."

"आणि मजुरी कोणाला?"

"मेकॅनिकलाच! पाना त्याचा ना. वर अण्णांनी घरी वेगळाच आकडा सांगितलाय म्हणे. हळू बोला, त्यांच्या खिडकीचा पडदा हलला बघा."