दुनळी तात्या

अंबड तालुक्यातल्या गावात मारुतीचं देऊळ असतं, मोसंबीची एखादी बाग असते, पार असतो आणि बंदुकीचं लायसन असलेला एक माणूस असतो. त्याचं आडनाव विचाराल तर पोस्टमनही अडखळेल, पण "लायसनवाले कुठं राहतात?" म्हटलं की शेंबडं पोरही दारापर्यंत सोडायला येतं. आमच्या गावात हा मान तात्यांचा. वय बहात्तर, मिशा दोन, नळ्याही दोन.

दुनळी बारा बोअरची आहे. "बारा म्हणजे काय?" हा प्रश्न तात्या घरी आलेल्या प्रत्येक नव्या जावयाला घालतात. जावई बापडा मिलिमीटरमध्ये शिरतो. मग तात्या चष्मा कपाळावर चढवून सांगतात, "एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडायच्या. त्यातली एक जेवढी जाड, तेवढी नळी रुंद. साडेअठरा मिलिमीटर भरते, पण हिशेब बाराचा." जावयाचा चहा तोवर गार झालेला असतो.

बंदूक पिकाच्या राखणीसाठी घेतली, असं कागदावर आहे. पण 1972 साली वन्यजीव कायदा आला. आता रोही असो की रानडुक्कर, वनखात्याच्या परवानगीवाचून बार काढायची सोय नाही. परवानगीच्या अर्जाला तात्यांचा तात्त्विक विरोध आहे, कारण त्यात बंदूक खराब होते. त्यामुळे डुकरं मका खातात, तात्या सुतळी बॉम्ब लावतात आणि दुनळी कपाटात असते. या गावात बंदूक आहे, ही बातमी डुकरांपर्यंत अजून पोचलेली नाही.

बंदूक वाजली ती एकदाच, 2014 च्या डिसेंबरात. जालन्याच्या एका बियाणंवाल्या मित्राने तात्यांना जीपमध्ये घालून पुण्याकडच्या रेंजवर नेलं. तिथं चुन्याची भुकटी आणि डांबरातला राळेसारखा भाग यांची बशी यंत्रातून भिरकावतात. बशी अकरा सेंटिमीटरची, वजन शंभर ग्रॅमच्या थोडं वर. ती हवेतच फोडायची. नाव मात्र मातीचं कबूतर; कारण पूर्वी खरी कबुतरं सोडत, अगदी 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्सला रुपेरी पदक आणलं, ते अशाच बश्यांवर. तात्यांना पंचवीस बश्या मिळाल्या. चार फुटल्या. त्यातली एक जमिनीवर पडून फुटली, असं मित्राचं म्हणणं आहे. तो मित्र अलीकडे येत नाही.

बाकी सगळं तात्यांनी पचवलं, पण परतताना जीपमध्येच त्यांनी नळीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत काजळी होती. तेव्हापासून दर रविवारी साफसफाई चालू आहे. पंचवीस बारांची काजळी काढायला अकरा वर्षं लागतात, हे मला त्यांच्या ओसरीवर कळलं.

सकाळची आंघोळ झाली की ओसरीवर पोतं, पोत्यावर जुनं धोतर. कपाटाची किल्ली जानव्याला. मग दुनळी कमरेत मोडायची आणि दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आरपार बघायचं. एवढ्यावर भागत नाही. करंगळी दोन्ही घरांत घालून चाचपायचं, काडतूस नाही ना. घरात काडतूसच नाही. खडकीच्या कारखान्याची जी पेटी होती, ती रेंजवर संपली. तरी करंगळी जातेच. मी एकदा हसलो, तर म्हणाले, "अरे, माणसं मरतात ती रिकाम्या बंदुकीनंच. भरलेलीला सगळेच भितात."

मग नळ्या दस्त्यापासून सुट्या. गजाला पितळी ब्रश लावायचा आणि मागून पुढं काढायचा. पुढून मागं काढला की घाण काडतुसाच्या घराकडे येते आणि तात्यांचा रक्तदाब वर जातो. काडतुसातल्या प्लास्टिकच्या वाटीचा पुसट थर नळीला चिकटतो, तो द्रावणाने सुटतो. त्यानंतर चिंध्या. पहिली करडी, दुसरी फिकट, तिसरी पांढरी आली की झालं, असं आपल्याला वाटतं. तात्या तिसरी चिंधी उन्हात धरतात, नाकाशी नेतात आणि म्हणतात, "आहे अजून." काकूंची मऊसूत झालेली दोन लुगडी आजवर या "आहे अजून"मध्ये गेली. आता काकू कपडे वाळत घालताना रविवार टाळतात.

शेवटी तेल. खोबरेल लावलं तर थंडीत थिजतं. म्हणून शिलाई मशीनचं, तेही फडक्यावर दोनच थेंब. कपाटात बंदूक तोंड खाली करून उभी, नाहीतर तेल ओघळून दस्त्यात मुरतं आणि लाकूड भुसभुशीत होतं. चामड्याचं म्यान फक्त पाहुण्यांना दाखवायला, कारण चामडं ओल धरतं. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं, तिथं तात्यांना धास्ती आहे ती हवेतल्या ओलाव्याची. कुणी नळीला बोट लावलं की तो ठसा लगेच पुसला जातो. घामातल्या मिठानं गंज चढतो, हे खरंच आहे. पण खंडेनवमीला देवापुढं ठेवल्यावरही तात्या कुंकू लावू देत नाहीत. बंदुकीचं कुंकू शेजारच्या आपट्याच्या पानाला.

भावकीतल्या एका लग्नात पोरांनी गळ घातली, "तात्या, एक बार होऊन जाऊ द्या!" तात्या उभे राहिले. "2019 ला कायदा बदललाय. हौसेनं बार काढला तर दोन वर्षं आत, नाहीतर एक लाख दंड, नाहीतर दोन्ही." मांडव चिडीचूप. मग बसताना हळूच मला म्हणाले, "आणि साफ कुणी करायची?"

खरी परीक्षा निवडणुकीत. आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. 2024 साली तर लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही एकाच वर्षात. तात्या दुनळी पोचवायला गेले ते लेक सासरी पाठवल्यासारखे, शिपायाला म्हणाले, "तोंड खाली ठेवा बरं." निकाल लागून ती परत आली तेव्हा तात्यांनी कोण निवडून आलं ते विचारलं नाही. नळीत डोकावले आणि काकूंना हाक मारली, "अगं, वाळली गं पार!" त्या रविवारी चौदा चिंध्या लागल्या. मी मोजल्या.

गावात या बंदुकीनं आजवर कुणाला इजा झाली नाही. माणसाला नाही, डुकराला नाही, बशीलाही फारशी नाही. बंदुकीच्या बाबतीत यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही. तुमच्याही गावात असे तात्या असतील. कधी गेलात तर शिकारीचा विषय काढू नका. फक्त एवढंच विचारा, "तेल कोणतं वापरता?" आणि त्याआधी शेवटची एसटी कितीला आहे, त्याची चौकशी करून ठेवा.