वारा फुकट, बाकी सगळं रोख

शिडाच्या बोटीला खर्च नसतो, असं जो सांगतो त्यानं बोट बहुधा विकायला काढलेली असते. वारा फुकट, हे खरं. पण गेटवेसमोर नांगरलेल्या बोटीचं डिझेल इंजिन तापलं, की मालक डोकं खाली, पाय वर अशा आसनात पंप उघडतो. आत समुद्राचं पाणी खेचणारं पेढ्याएवढं रबरी चाक, त्याची दोन पाती गायब. कारण, पाणी घेण्याच्या तोंडाशी चिकटलेली दुधाची पिशवी. तुटलेले तुकडे पुढच्या नळीत अडकतात, म्हणून तेही शोधा. तेवढ्यात डिझेलच्या नळीत हवा शिरते. शिडात मात्र शिरत नाही.

जून आला की बोट किनाऱ्यावर घ्या, तळावरची कालवं खरवडा, रंग द्या. तळाशी जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खारं पाणी पितळी पंख्याऐवजी त्याला खातं. तो झिजला की नवा बसवायचा. दुसऱ्यासाठी झिजणं हीच त्याची नेमणूक. मालकाचं पाकीट तेच काम करतं, फक्त त्याचा स्पेअर कुठल्याच दुकानात मिळत नाही.