सीमोल्लंघन, कळंबोलीपर्यंत

डिसेंबरात नवे ‘कालनिर्णय’ सानपाड्याच्या आमच्या बिऱ्हाडी दाखल झाले, की घरातले प्रत्येक माणूस आपापल्या वृत्तीप्रमाणे त्याचा परामर्श घेते: मातोश्री एकादश्या मोजतात, कुटुंब मागल्या पानांवरच्या पाककृती वाचून त्यांतली एकही न करण्याचा निश्चय करते, आणि ज्याची उभी हयात दफ्तरातल्या आवक-जावक नोंदवह्यांच्या सान्निध्यात गेली असा मी, निळी पेन्सिल परजून, तांबड्या चौकटींच्या आजूबाजूला दबा धरून बसलेले शनिवार-रविवार हुडकू लागतो.

२०२५ सालच्या पत्रिकेत दसरा आणि गांधीजयंती या दोन स्वतंत्र, स्वयंपूर्ण आणि पगारी सुट्ट्या २ ऑक्टोबरच्या एकाच गुरुवारात चाळीतल्या बिऱ्हाडकरूंसारख्या दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या, तेव्हा भर गर्दीत पाकीट मारले गेल्याची जाणीव मला झाली. आपल्याकडे सुट्टी जाहीर होते ती १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या पंचविसाव्या कलमाखाली, म्हणजे रावणवधाचा आनंद आपण हुंड्या आणि धनादेश यांच्या कायद्याच्या आश्रयाने उपभोगतो. परंतु दोन सण एकमेकांवर आदळून त्यांतला एक बुडाला, तर त्याची भरपाई कोणी करावी, याविषयी मजकूर कायदा मौन पाळतो.

माझा भाचा दक्षिण कोरियात, सोल येथे नोकरीस आहे. त्याच्यापाशी हे गाऱ्हाणे मांडले, तेव्हा तो सहज म्हणाला, “मामा, इथं ५ मेला बालदिन आणि बुद्धजयंती एकत्र आली, म्हणून ६ मेची बदली सुट्टी मिळाली.” पुढे त्याने आपला ऑक्टोबर वाचून दाखवला. ३ तारखेस शुक्रवारी राष्ट्रस्थापना दिन, मग शनिवार. ५ ते ७ चुसोक, म्हणजे आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा, पितरांना नैवेद्य दाखवण्याचा सण. त्यातला एक दिवस रविवारात बुडाला म्हणून ८ला बदली सुट्टी. ९ला त्यांच्या लिपीचा, हंगुलचा, दिवस. (लिपीला सुट्टी! आमच्या बाळबोधीने काय घोडे मारले होते?) राहिला १० तारखेचा शुक्रवार, तेवढी एक रजा टाकली, की सलग दहा दिवस मोकळे. ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकीत पैलतीर गाठावा, तशा या सुट्ट्या असल्याचे तिकडची भाषाच म्हणते.

मी ३ ऑक्टोबरच्या किरकोळ रजेचा अर्ज जानेवारीतच गुदरला. साहेबांनी त्यावर ‘अकाली’ असा शेरा मारून तो परत केला. पण आवक क्रमांक पडून गेला होता. सप्टेंबरात याच शुक्रवारासाठी आणखी पाच अर्ज आले, पाचांचेही कारण ‘घरगुती’, आणि जानेवारीच्या त्या क्रमांकाच्या जोरावर मंजुरी मला मिळाली. महाबळेश्वरी खोलीची अनामत रवाना झाली.

दसऱ्याला मराठ्यांच्या फौजा मुलुखगिरीस निघत, तेव्हा त्याच दिवशी घर सोडण्यास शास्त्राचीही हरकत नव्हती. पहाटे साडेपाचास मोटारीची पूजा झाली, झेंडूचा हार चढला, आणि आम्ही शीव-पनवेल महामार्गावर आलो, तो वाशीच्या खाडीपुलावरून सबंध मुंबई सीमोल्लंघनास उतरलेली. नऊ वाजता आम्ही जुईनगरपाशी होतो. लोकलने सानपाड्याच्या पुढचे हे पहिलेच स्टेशन. आमच्या चिरंजीवांनी तेवढ्या वेळात पनवेलच्या सतरा गाड्या मोजल्या व अठरावीने आपण गेलो असतो तर, असे बोलून माझी झोंबरी नजर ओढवून घेतली. ऊन चढले. पुढच्या मोटारीच्या हाराला देठाकडून काळपट कडा येऊ लागली, मग आमच्या. एक पाकळी वायपरखाली अडकून काचेवर इकडून तिकडे पिवळी रेघ ओढीत राहिली. शेजारच्या गाडीत दादरचे एक कुटुंब होते. उरणफाट्यापर्यंत आमची इतकी ओळख झाली, की त्यांच्या आजींनी काच खाली करून माझ्या हातावर आपट्याचे पान ठेवले आणि “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा,” असा आशीर्वाद दिला. आम्ही डबा उघडून चकल्या दिल्या. लुटीची ही देवघेव दोन्ही वाहने जागची न हालता सुखरूप पार पडली.

कळंबोलीला, जिथून द्रुतगती मार्ग सुरू होतो, दीड वाजला. कुटुंबाने पुढची रांग न्याहाळून शांतपणे विचारले, “अहो, शीव ओलांडली म्हणजे झालं ना? की घाटच ओलांडायला हवा?” धर्मशास्त्राचा इतका निर्मळ अर्थ मी आजवर ऐकला नव्हता. परतीचा रस्ता मोकळा होता. वीस मिनिटांत आम्ही सानपाड्यात होतो. अनामत परत करण्यास खोलीच्या मालकाने नम्र नकार दिला. नऊ महिने जपलेला तो शुक्रवार मी पोटमाळा झाडण्यात व्यतीत केला.

सोमवारी ६ तारखेस कोजागिरी. योगायोग असा, की त्यांचा चुसोक याच पौर्णिमेला आलेला. इकडे मसाला दूध रात्री व दफ्तर सकाळी, म्हणून मी मेजाशी बसलो असता भाच्याचा फोन आला. कोरियन मित्राच्या गावी निघाला होता. “मामा, चार तास एकाच जागी उभे आहोत. सगळं सोल गावाकडं निघालंय.” दहा महिन्यांत एवढ्या अकृत्रिम आनंदाने मी कोणाचे सांत्वन केले नव्हते. “टोलनाक्यावर तर आणखी रखडशील,” असे मी मायेने म्हणालो. “छे, चुसोकला सरकार टोल माफ करतं,” तो म्हणाला. मी फोन ठेवला.

यंदा डिसेंबरात पुन्हा पेन्सिल घेतली. १ मे २०२६, शुक्रवार: महाराष्ट्र दिन, आणि त्याच चौकटीत बुद्धपौर्णिमा. भाच्याची बुद्धजयंती २४ मेला, रविवारी. अर्थात सोमवारी बदली. मी हाय खाल्ली नाही. ३० एप्रिलच्या गुरुवारचा अर्ज लिहून, कारण ‘घरगुती’ घालून, जानेवारीत कचेरी उघडताच पहिला आवक क्रमांक पटकावला, आणि विजयी मुद्रेने शेजारची जावक नोंदवही चाळली. तिथेही एकच नोंद होती, ओल्या शाईची: ‘क्रमांक १. मुख्य कार्यालयास. साहेबांची किरकोळ रजा, दि. ३० एप्रिल. कारण: घरगुती.’